अकरावीचे पहिले आठवडे

जून उजाडला कीं आमच्या कोल्हापुरांत दोन पाहुणे ठरलेले असतात; एक पाऊस आणि दुसरे परगांवचे विद्यार्थी. कोंकणांतून, आजरा-चंदगडाकडून, हद्दीपलीकडच्या निपाणी-चिकोडीहूनहि मुलेंमुली येतात आणि पेठापेठांतून खोल्या शोधीत हिंडतात. या शहराला हें नवें नाहीं. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. त्यानंतरच्या वीस वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं येथें वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि दसरा चौकांतून जातांना त्यांपैकीं कांहीं इमारती आजहि दृष्टीस पडतात. आपल्या घरांतून हेंच काम 'वार' करीत. माझ्या सासऱ्यांच्या वेळीं आमच्याकडे बुधवारचा एक विद्यार्थी जेवावयास येई. सासूबाई सांगत कीं, पहिले दोन महिने त्या मुलानें आमटी दुसऱ्यांदां म्हणून कधीं मागितली नाहीं. वाढूं लागलें तर पानावर हात आडवा धरी. पुढें एका बुधवारीं त्यानें आपण होऊन वाटी पुढें केली, तेव्हां त्यांना इतका आनंद झाला कीं, त्यांनीं तो दिवस जन्मभर लक्षांत ठेवला. मुलाचें नांव मात्र त्या पार विसरून गेल्या होत्या.

ही गोष्ट मला माहीत होती. ती वेळेवर आठवली असती तर पुढचा बराच मनस्ताप वांचला असता.

२०२४ सालच्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकरावीसाठीं आमच्याकडे राहावयास आला. देवगड तालुक्यांतल्या एका लहान गांवच्या मराठी शाळेंत तो शिकलेला. दहावीला ९२ टक्के गुण मिळालेले. गांवांत त्याच्या छायाचित्राचा फलक लागलेला. शास्त्र शाखेला जावयाचें हें कोणी ठरविलें, असें आतां विचारलें तर घरांतल्या कोणालाच सांगतां येणार नाहीं. एवढे गुण मिळालेला मुलगा शास्त्राकडे जातो, नदी समुद्राकडे जाते तसा, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. ती तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाहीं. मलाहि वाटली नव्हती. मी तीस वर्षें मुलींच्या शाळेंत मराठी शिकविलें, तरी भाच्यानें कला शाखेला जावें असें माझ्या मनांत एकदांहि आलें नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें.

आमची मुलगी लग्न होऊन पुण्यास गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. ती झाडून घेतली, टेबल खिडकीपाशीं सरकविलें, नवा दिवा आणला. यजमानांनीं त्याला बसचा रस्ता दाखविला, पहिल्या दिवशीं कॉलेजच्या फाटकापर्यंत सोबतहि केली. कॉलेज सकाळचें. सहाला उठणें, सातला निघणें, एक वाजेपर्यंत परत येणें. असा सगळा सरंजाम जमवून झाल्यावर आपलें कर्तव्य पार पडलें असें आम्हां उभयतांस वाटलें.

पहिल्या आठवड्यांत मीं केलेली चूक लहानशी होती, पण ती मी रोज करीत असें. तो दारांत पाऊल ठेवतो न ठेवतो तोंच मी विचारीत असें, "कसें झालें रे आज? काय शिकविलें? कोणी मित्र झाला कीं नाहीं?" त्यावर "बरें झालें," "शिकविलें थोडें," "होतील," अशीं उत्तरें मिळत. मुलगा अबोल आहे, कोंकणी माणूस मुळांतच मितभाषी, असें म्हणून मी समाधान करून घेतलें. वास्तविक हाच मुलगा मे महिन्यांत आम्ही बहिणीकडे गेलों होतों तेव्हां हापूस आणि पायरी यांतला फरक सांगतां सांगतां अर्धा तास बोलला होता. सहा तास कोंडलेल्या माणसाला उंबऱ्यांत अडवून जबानी घेतली तर तो काय बोलणार! पुढें मी प्रश्न बंद केले, नुसतें ताट वाढून समोर भाजी निवडीत बसूं लागलें, तेव्हां निम्म्या जेवणानंतर एखादें वाक्य आपोआप येऊं लागलें. पण हें शहाणपण मागाहूनचें.

दुसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं तो चिंब भिजून आला. दप्तर भिजलें होतें. तो आंघोळीला गेला असतां मीं वह्या काढून पंख्याखालीं खुर्चीवर पसरल्या. चोरून वाचण्याचा हेतु नव्हता. पण पान समोर उघडें होतें आणि तें पाहून मी तशीच उभी राहिलें. पानभर देवनागरी अक्षर होतें, सुरेख, ठाशीव. परंतु त्यांत एकहि मराठी वाक्य नव्हतें. 'ॲक्सिलरेशन इज द रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी.' 'व्हेक्टर हॅज मॅग्निट्यूड अँड डायरेक्शन.' कांहीं ठिकाणीं ऐकूं आलें तेवढेंच अर्धें वाक्य, पुढें टिंबें, आणि पुन्हा मधूनच एखादा शब्द. प्राध्यापक बोलत होते त्या वेगानें इंग्रजी लिपींत लिहिणें त्याला जमत नव्हतें. म्हणून कानावर पडेल तें तो आपल्या लिपींत उतरून घेत होता, घरीं येऊन कधींतरी अर्थ लावूं या आशेनें. अर्थ लावण्याचा प्रयत्नहि वहींत दिसत होता. 'मोमेंटम' या शब्दाखालीं त्यानें तीन वेळां रेघ ओढून पुढें प्रश्नचिन्ह काढलें होतें.

आतां 'संवेग' म्हणजे काय हें या मुलाला नववींतच येत होतें. त्वरण, विस्थापन, जडत्व, सदिश आणि अदिश राशी, सगळें येत होतें. त्यांवरची उदाहरणें त्यानें पैकीच्या पैकी गुणांनीं सोडविलेलीं. बालभारतीच्या मराठी पुस्तकांत या शब्दांपुढें इंग्रजी शब्द कंसांत छापलेले असतात, हेंहि खरें. पण कंसांतलें परीक्षेंत विचारीत नाहींत, म्हणून वर्गांत तें कोणी मोठ्यानें वाचीत नाहीं. शहरांतल्या पुष्कळ मराठी शाळांतून गणित आणि विज्ञान इंग्रजींतून शिकवितात, त्याला सेमी-इंग्रजी म्हणतात; त्याच्या गांवीं ती सोय नव्हती. आणि शास्त्र शाखेची अकरावी तर आमच्याकडे इंग्रजींतूनच चालते. इतकीं वर्षें जी भाषा कंसांत मुकाट बसून होती, ती एका जुलैमध्यें कंस सोडून बाहेर आली आणि मराठी शब्द एकाएकीं नाहींसा झाला. प्रश्नपत्रिकेंत नाहीं, फळ्यावर नाहीं, कोणाच्या तोंडींहि नाहीं.

हें मला त्या क्षणीं इतकें स्पष्ट कळलें असतें तर बरें होतें. मला कळलें तें एवढेंच कीं पोराला इंग्रजी जड जात आहे. म्हणून त्या रात्रीं मीं त्याला धीर देण्याचा घाट घातला. आणि धीर द्यावयाचा म्हणजे मोठ्या माणसाचें चरित्र सांगावयाचें, ही शिक्षकाची संवय.

चरित्र हाताशींच होतें. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरांतच शिकले. वडील कागल संस्थानच्या नोकरींत. ते १८७९ सालीं वारले, तेव्हां गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठीं पाठवीत. १८८१ सालीं गोपाळराव मॅट्रिक झाले आणि येथल्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. तें कॉलेज निघून तेव्हां एकदोन वर्षेंच झालीं होतीं. पुढें कॉलेजच्या खर्चासाठीं वहिनीनें अंगावरचे दागिने दिले असें सांगतात. आणि तेल वांचविण्यासाठीं गोपाळराव रस्त्यावरच्या दिव्याखालीं वाचीत ही गोष्ट तर शाळेच्या प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेंत निदान दोनदां ऐकूं येते. हें सगळें मीं रंगवून सांगितलें. आठ रुपयांवर विशेष भर दिला.

भाच्यानें मान खालीं घालून ऐकून घेतलें. शेवटीं एवढेंच म्हणाला, "मावशी, गोखल्यांकडे रोज रात्रीं आठ वाजतां घरचा फोन येत नसेल ना?"

मी हंसलें. मला तो विनोद वाटला. यजमान मात्र वर्तमानपत्र खालीं ठेवून त्याच्याकडे पाहात राहिले.

पंधरवड्यानें पहिली चांचणी झाली. भौतिकशास्त्रांत पंचवीसपैकीं चार. त्यानें तें आपण होऊन मला सांगितलें. स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून, एका वाक्यांत. मीं "असूं दे, होतें असें," म्हटलें. आणि संध्याकाळीं तो दुकानांत गेला असतां बहिणीला फोन करून तेंच वाक्य तिला सांगून टाकलें. तिला अंधारांत ठेवणें योग्य नव्हे, आईबापांचा तो हक्क आहे, असें माझें म्हणणें. बहिणीनें थोरल्या मुलाला सांगितलें. थोरल्यानें रात्रीं धाकट्याला फोन केला. काय बोलणें झालें तें मला ऐकूं आलें नाहीं. पांच मिनिटांत खोलीचें दार लागलें, आणि सकाळीं तो न बोलतां, न खातां बाहेर पडला.

येथें थोरल्याविषयीं सांगितलें पाहिजे. तो रत्नागिरीकडे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतांना माझ्या मेहुण्यांना अर्धांगाचा झटका आला. कलमांची बाग, मजूर, फवारण्या, पेट्या, दलाल हें सगळें पाहावयास घरांत दुसरें कोणी नव्हतें. मुलानें कॉलेज सोडलें तें सोडलेंच. माझ्या पन्नाशींत मी इतकी समज असलेला तरुण क्वचित् पाहिला आहे. पण या घरांत बसून मीं त्याच्या धाकट्या भावाला गोविंदराव गोखल्यांच्या आठ रुपयांची गोष्ट रंगवून सांगितली होती, हें त्या सकाळपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

दुपारचा एक वाजला, दोन वाजले. तो जुलैचा शेवटचा आठवडा. पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फुटांची इशाऱ्याची खूण ओलांडून ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीपुढें गेलें होतें. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहराला त्या आंकड्यांची नुसती बातमी ऐकूनहि झोंप येत नाहीं. मोबाइल बंद. खोलींत पाहिलें तों कपड्यांची पिशवी नाहीं. यजमान रंकाळ्याकडे गेले. त्यांच्या मनांत काय होतें तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं. मी रिक्षा करून मध्यवर्ती बसस्थानकावर गेलें.

तो तेथें होता. कोंकणाकडच्या फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. रस्त्यांवर पाणी आल्यामुळें तिकडच्या गाड्या सुटणार नाहींत असें ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. बहुधा तो सकाळपासून तेंच ऐकत बसला असावा.

मी शेजारीं जाऊन बसलें. सुदैवानें त्या वेळीं माझ्या तोंडून कोणताहि प्रश्न निघाला नाहीं. निघावयाचा तो घशांतच अडकला असेल. यजमानांना फोन करून "सांपडला," एवढें सांगितलें. मग दोन चहा आणले.

"गाडी नाहीं, मावशी," तो म्हणाला.

"नाहीं ना."

बराच वेळ पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग त्यानें आपण होऊन सांगितलें. "मला भौतिकशास्त्र येतें गं. सर काय म्हणतात तेंच कळत नाहीं. कळेपर्यंत ते पुढें गेलेले असतात. आणि दादा रागावला असता तर बरें झालें असतें. तो म्हणाला, 'फीची काळजी करूं नको, क्लास लावायचा तर लाव, मी बघतों.' तो कुठून बघणार? यंदा आंबा किती आला तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतें.

मीं त्याला सांगितलें कीं, गुणांची गोष्ट त्याला न विचारतां त्याच्या आईला सांगितली ही माझी चूक झाली. माझ्या वयाच्या बाईला सोळा वर्षांच्या मुलापुढें हें म्हणणें सोपें गेलें असें नाहीं. त्या बाकावर आमचा एक करार झाला. गुण कितीहि येवोत, ते घरीं सांगावयाचे त्यानें. केव्हां आणि कसे तेंहि त्यानेंच ठरवावयाचें. मी तोंड उघडणार नाहीं. परंतु कॉलेजला न जातां दुसरीकडे गेला, किंवा न सांगतां घराबाहेर राहिला, तर मात्र मी त्याच दिवशीं सांगणार. त्यांत गुप्तता नाहीं. आणि तिसरें कलम त्यानें घातलें: गोखल्यांची गोष्ट पुन्हा सांगावयाची नाहीं.

तें कलम मीं पाळलें. परंतु त्या गोष्टीनें माझी पाठ सोडली नाहीं. आपण ती नेहमीं थोरल्या भावाच्या बाजूनें सांगतों, नाहींतर पुढच्या नामदार गोखल्यांच्या बाजूनें. पंधरा वर्षांचा तो मुलगा, ज्याच्या प्रत्येक महिन्याच्या जेवणावर दुसऱ्याच्या सोडलेल्या शिक्षणाची खूण होती, तो पहिल्या आठवड्यांत वर्गांत बसून काय विचार करीत असेल, हें मीं इतकीं वर्षें मुलींना ही गोष्ट सांगतांना कधींहि मनांत आणलें नाहीं. शिवाय तुलना दुसऱ्या बाजूनेंहि लंगडी होती. त्या पिढीच्या मुलांना शाळेच्या वरच्या इयत्तांपासूनच सारे विषय इंग्रजींतून शिकवीत. कॉलेजांत जातांना त्यांना गरिबीचा डोंगर चढावयाचा असे, पण भाषेची दरी शाळेंतच ओलांडून झालेली असे. आमच्या मुलाला ती दरी ऐन पावसाळ्यांत, दोन आठवड्यांत, आणि कोणी न सांगतां ओलांडावयाची होती.

उपाय अगदीं साधा निघाला. आम्ही एक दोनशें पानी वही आणली आणि तिला तीन रकाने आंखले. पहिल्यांत मराठी शब्द, दुसऱ्यांत इंग्रजी शब्द इंग्रजी लिपींत, तिसऱ्यांत त्याचा उच्चार देवनागरींत. त्याचीं नववी-दहावीचीं पुस्तकें पूर ओसरल्यावर थोरल्यानें एस्. टी. नें पाठवून दिलीं. त्यांतले कंस आम्ही एकेक करून फोडले. अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, गतिज ऊर्जा म्हणजे कायनेटिक एनर्जी, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया. रोज रात्रीं जेवणानंतर वीस शब्द. मी मराठी शब्द म्हणें, तो इंग्रजी सांगे, मग उलट. यजमानांनीं बॅंकेंत जन्म घालविला, त्यांना हा खेळ फार आवडला. 'संप्लवन' म्हणजे सब्लिमेशन हें त्यांना आतां झोंपेंतहि सांगतां येतें. मला स्वतःला मात्र एका गोष्टीचें वाईट वाटत राही. हरितलवक, केंद्रक, जडत्व हे शब्द केवढ्या कष्टानें कोणीतरी घडविले असतील. आणि सोळाव्या वर्षीं मुलानें ते टाकून द्यावयाचे, आणि ते टाकण्यास मराठीच्या बाईनेंच त्याला मदत करावयाची! पण हा माझा विषाद, त्याचा नव्हे. त्याला आज वर्गांत काय चाललें आहे तें कळावयास हवें होतें.

शब्द पाठ झाले तरी कान तयार होत नाहींत, हें आम्हांला दुसऱ्या आठवड्यांत समजलें. तेथें मदत झाली ती गल्लींतल्या एका मुलीची. ती आजऱ्याकडची, खोली घेऊन राहणारी, त्याच कॉलेजांत बारावीला. तिनें त्याला सांगितलें कीं, पहिल्या सत्रांत तीहि अशीच बसत असे. आणि युक्ति अशी कीं उद्यां जो भाग शिकविणार तो आदल्या रात्रीं इंग्रजी पुस्तकांतून मोठ्यानें वाचावयाचा, अर्थ लागो न लागो. मनांतल्या मनांत वाचलेला शब्द कानाला ओळखूं येत नाहीं. आमच्या घरांत त्यानंतर रोज रात्रीं 'युनिट्स अँड मेझरमेंट्स'चें पारायण सुरू झालें. शेजारच्या आजींनीं चौकशी केली, मुलगा कोणतें स्तोत्र म्हणतो?

त्याच्या संमतीनें मी एकदां कॉलेजांत जाऊन दोन प्राध्यापकांना भेटलें. एकांनीं "संवय होईल, सगळ्यांचीच होते," असें सांगून नमस्कार केला. दुसरे तरुण होते. त्यांनीं वर्गांत विचारून पाहिलें तों मराठी शाळांतून आलेलीं पुष्कळ मुलें निघालीं. त्यानंतर ते नवा शब्द आला कीं एकदां मराठी शब्दहि उच्चारूं लागले. एका शब्दाला किती वेळ लागतो? पण भाचा म्हणाला कीं, त्या एका शब्दासरशीं मागच्या बाकांवर माना वर होतात.

कार्यालयांत मीं आणखी एक चौकशी केली, शाखा बदलण्याची. ठरलेल्या मुदतींत, जागा असेल तर, वाणिज्य किंवा कला शाखेला जातां येतें असें कळलें. घरीं येऊन तें मीं त्याला जसेंच्या तसें सांगितलें, आणि माझें मत विचारलें तरच देईन असेंहि सांगितलें. त्यानें विचारलें नाहीं. दोन दिवसांनीं म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतों. पण दार उघडें आहे हें ठाऊक असलेलें बरें." मला वाटतें, त्या दिवसापासून तो नीट जेवूं लागला.

क्लासचा प्रश्न राहिलाच होता. त्याच्या वर्गांतलीं पुष्कळ मुलें दुपारीं क्लासला जात, आणि कांहीं तर क्लासलाच जात. न लावला तर मुलगा मागें पडेल, ही भीति बहिणीच्या फोनमधून रोज येई. मीं माहिती काढली. अभियांत्रिकीसाठीं राज्याची जी सीईटी असते तींत २०२४ सालीं अकरावीच्या भागाला सुमारें २० टक्केच वजन होतें, ८० टक्के बारावीला. जेईई आणि नीट या परीक्षांना मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यास सारखाच लागतो. त्याला अजून काय व्हावयाचें तेंच ठरलें नव्हतें. ज्याला कॉलेजांतलें इंग्रजी कळत नाहीं त्याला दुपारीं आणखी चार तास तेंच इंग्रजी दुप्पट वेगानें ऐकविण्यासाठीं थोरल्या भावाचे पैसे घालावेत, हें मला पटेना. मीं बहिणीला स्पष्ट सांगितलें कीं, दिवाळीपर्यंत क्लास नाहीं. ती दोन दिवस माझ्याशीं तुटक बोलली. वाचकांपैकीं अनेकांना माझा हा निर्णय धाडसाचा वाटेल, वाटूं द्या.

सुधारणा झाली ती हळूहळू. दुसऱ्या चांचणींत पंचवीसपैकीं अकरा. त्यानें संध्याकाळीं माझ्यासमोरच भावाला फोन लावला आणि सांगितलें, "दादा, अकरा. गेल्या वेळीं चार होते." पलीकडून काय उत्तर आलें कोण जाणे, पण नंतर दहा मिनिटें दोघे फवारणीच्या पंपाविषयीं बोलत होते. रसायनांत तो अजून चांचपडत होता. जीवशास्त्रांतल्या लॅटिन नांवांना तर त्यानें हातच जोडले होते. मित्र एक झाला, गगनबावड्याकडचा. तोहि मराठी शाळेचा. दोघे मधल्या सुटींत ती तीन रकान्यांची वही समोर घेऊन बसत.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तो आदल्या दिवशीं फोंड्याच्या घाटानें घरीं गेला. जातांना वही पिशवींत घातली, तेव्हां मीं म्हटलें, "सणाच्या दिवसांत कशाला?" तर म्हणाला, "दादाला दाखवायची आहे." मी आणि यजमान त्या आठवड्यांत उगीचच आठ वाजतां फोनकडे पाहात असूं. तो परत येईल याविषयीं आम्हां दोघांनाहि पूर्ण खात्री नव्हती, आणि हें आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं.

आठव्या दिवशीं दुपारीं तो आला. दोन नारळ, आमसुलें, उकड्या तांदुळाची पिशवी आणि ती वही. तो हातपाय धुवावयास गेल्यावर मीं ती उघडून पाहिली. आतां ती उघडण्यास मला परवानगी होती. पानोपानीं समासांत पेन्सिलीनें बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें होतें. थोरल्याचें अक्षर. कोठें उच्चार सुधारलेला, कोठें एखादें सूत्र, कोठें 'हें पुढच्या वर्षीं पुन्हा येतें' एवढाच शेरा. चौथ्या पानावर मीं 'मास' या शब्दापुढें माझ्या हातानें 'वजन' असें लिहिलें होतें. त्यावर काट मारून त्यानें लिहिलें होतें: 'वस्तुमान. वजन म्हणजे वेट. मावशीला सांग.'